शेपटीतला ‘हळू चा’

माझी माधवीआत्या पडली की हसते. लहानपणापासूनच. कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या घरात वरच्या फळीवरचा गुळाचा डबा काढायला ती पाटावर पालथी पाटी, पाटीवर पातेलं असला मनोरा रचायची आणि गुळासकट खाली यायची. घरातली माणसं धावत यायची, तर ही जमिनीवर आडवी, पोट धरून खिदळतेय. "रडायचं सोडून हसती. हिला पदरात कोण घेणार?" असं आजी म्हणायची.

पदरात घेतलं विजयसिंह मामांनी. निमगाव केतकीजवळ त्यांची रोपवाटिका. मामा सहा फुटी, आत्या पाच फुटांच्या आतच. लग्नाच्या फोटोत आत्या पाटावर उभी आहे आणि तरीही मामा तिच्याकडं वाकलेत. मामा बोलतात कमी, रागावतात त्याहून कमी. फक्त उंचीला भितात. शेडनेटची जाळी फाटली तर शिडीवर आत्याच चढते, मामा खाली शिडी धरून डोळे मिटून उभे.

विमानाचं वेड आत्याला कधी लागलं, हे तिलाही नीट सांगता येत नाही. बारामतीच्या धावपट्टीवरून विमान शिकणाऱ्या मुलामुलींची छोटी विमानं आमच्या उसावरून घिरट्या घालतात, त्याची इकडं कुणाला नवलाई नाही. ढोरंसुद्धा मान वर करत नाहीत. आत्या मात्र करायची. पुढं एकदा विमानतळाच्या आवारात कुंपणाला लावायची रोपं पोचवायला ती टेम्पोबरोबर गेली, तेव्हा एका शिक्षकाला तिनं सहज विचारलं, "सर, हे शिकायला वयाची अट असती का?"

तो गमतीनं म्हणाला, "वरची नाही, ताई."

आत्यानं ती गंमत खरी धरली. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती, दोन्ही लेकी नोकरीला लागलेल्या.

मग जी धमाल सुरू झाली ती काय सांगू! दुपारभर ती शेडनेटमध्ये ढोबळी मिरचीच्या रोपांना इंग्रजीतून रेडिओवरचे संदेश ऐकवायची. ट्रे भरणाऱ्या बायका आधी हसल्या, मग शिकल्या. धोंडाबाई वाफ्याच्या टोकाकडून ओरडायच्या, "ट्रे भरला, ओव्हर!" आणि आत्या इकडून, "रॉजर!" हवामानाच्या पेपरात दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा पेढे वाटले. तिसऱ्यांदा पास झाली तेव्हा वाटायचं विसरूनच गेली, इतकी हरखली होती. शेवटी परवाना हातात आला. काही वर्षं ती भाड्याच्या विमानावर उडाली, आणि मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "अहो, मला माझं इमान घ्यायचंय."

मामांनी घास चावून संपवला. म्हणाले, "घे. फकस्त मला बस म्हनू नगंस."

विमान मिळालं मराठवाड्यातल्या एका हौशी बागायतदाराकडं. दिग्विजयराव त्यांचं नाव. दोन माणसांचं, पांढऱ्या रंगाचं, वर निळा पट्टा. गुडघ्याचं दुखणं वाढल्यामुळं त्यांना उडवणं जमेना, म्हणून ते विकत होते. आत्या बघायला गेली आणि बघताक्षणी पाघळली. रंग नुकताच दिलेला, पत्रा असा चकाकणारा की आत्यानं त्यात बघून टिकली सरळ केली. सगळे पैसे आत्ताच देऊन टाकते म्हणून हटून बसली होती. बारामतीला विमानांची देखभाल करणारी इंजिनिअर राजलक्ष्मी तिनं आधीच ठरवून ठेवली होती. तिनंच फोनवरून दटावलं, "माधवीताई, थोडेच द्या. बाकीचे मी उघडून बघितल्यावर." आत्यानं ऐकलं, पण हिरमुसून.

पंख सुटे करून, वाकळांत गुंडाळून, विमान ट्रेलरवरून निघालं. टेंभुर्णीवरून इंदापूरला येईपर्यंत त्याच्या मागं मोटारसायकलींची वरात लागली होती. कारखान्याचा हंगाम होता. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉल्या कडेला घेऊन वाट दिली, आणि मोठ्यानं गाणी लावली. रोपवाटिकेपाशी ट्रेलर थांबवावाच लागला, कारण मामांच्या आई, मुक्ताबाई, हळदीकुंकवाचं ताट घेऊन रस्त्यातच उभ्या. पंख्याच्या पात्याला कुंकू लावून त्यांनी विमानाला पुढून मागून निरखलं.

"डोळं कुठं हायती ह्याला?"

"आई, डोळं माझं," आत्या म्हणाली.

"तुला तर चष्मा हाय गं!"

ट्रेलरचा ड्रायव्हरसुद्धा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मी बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर नोकरीला आहे. माझी सुट्टी बघून आत्यानं मला हँगरमध्ये बोलावून घेतलं, "स्वरूपा, ये, माझी लेक आंघोळ घालायला आणलीय." विमान जोडायच्या आधी ते धुऊन, पुसून, राजलक्ष्मीनं तपासायचं ठरलं होतं. हँगर म्हणजे मोठी पत्र्याची शेडच. आत्या बादली घेऊन, मी फडकं घेऊन, मामा डबा घेऊन. राजलक्ष्मी एका टोकापासून एकेक झाकण उघडत पुढं येत होती. पस्तिशीची, खांद्यानं रुंद, बोलायला मऊ.

पुसता पुसता आत्या शेपटीच्या डाव्या अंगाला थबकली. छताला ट्यूबलाइटची लांब ओळ होती. विमानाच्या पत्र्यात ती सरळ रेघेसारखी दिसायची. पण शेपटीच्या अलीकडं हातभर जागेत ती रेघ पाण्यात हलावी तशी वाकडी होत होती, आणि पुढं पुन्हा सरळ. आत्यानं तिथं बोट ठेवलं. त्याच क्षणी राजलक्ष्मीचंही बोट तिथंच आलं.

"तुम्हालाही दिसलं?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"मला वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला."

राजलक्ष्मीनं खिशातून नाणं काढून पत्र्यावर हळूच ठोकत नेलं. टण, टण, टण, आणि त्या जागेवर थप्प. पुन्हा टण. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "इथं लांबी भरलीय," ती म्हणाली. "गाड्यांना चेपल्यावर भरतात ना, तीच. विमानाच्या शेपटीला."

आतून बघायला हवं होतं. सीटमागची सामानाची जागा उघडली की शेपटीच्या पोकळीत वाट जाते. राजलक्ष्मीनं काठीला लावलेला आरसा घालून बघितला, पण मधल्या एका आडव्या कडीमागं काही दिसेना. खांदे आत जाईनात.

"मी जाते," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात असा काही आनंद होता की जणू तिची उंची देवानं याच कामासाठी राखून ठेवली होती.

राजलक्ष्मीनं शेपटीखाली टेकू लावला, आतल्या कड्यांवर वजन पडू नये म्हणून फळी आणि वाकळ अंथरली, आणि दहा वेळा बजावलं, "सरकत जायचं. धरायचं कशालाच नाही." आत्या डोक्याकडून आत शिरली. कमरेपर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत गेली. बाहेर नुसती दोन पावलं आणि त्यातलं एक जोडवं. पावलं मामांच्या हातात.

"आत्या, काय दिसतंय?"

"अंधार." तिचा आवाज हंड्यातून आल्यासारखा.

"मोबाईलचा दिवा लाव की!"

"थांब... लावला. अगं बया! हितं कुणीतरी आधीच हाय!"

मामांनी घाबरून पाय ओढले.

"अहो, ओढू नका! माणूस न्हाय. पन काईतरी चमकलं. मांजराचं डोळं चमकत्यात तसं. निळं हाय... वर पांढरी अक्षरं हायती."

"पार्टचा नंबर असेल," राजलक्ष्मी म्हणाली. "वाचा."

"नंबर न्हाय. मराठी हाय."

"मराठी?"

"हळू चा."

"काय?"

"हळू... चा!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. "चा मागतीय का?" मग शेपटीत तोंड घालून ओरडले, "आधी भायेर ये, मग करू चा! अन् हळू कशाला?"

"अहो, मी मागत न्हाय! लिवलंय!"

राजलक्ष्मीनं एकदम कपाळावर हात मारला. "बोर्ड! रस्त्याकडेचा बोर्ड आहे तो! हळू चालवा!"

विमानाच्या शेपटीत, आतल्या बाजूनं, कुण्या रस्त्यावरचा ‘हळू चालवा’चा बोर्ड कापून ठोकलेला होता. रात्री गाड्यांच्या उजेडात असे बोर्ड लकाकतात तसा तो आत्याच्या दिव्यानं लकाकला होता. ‘लवा’ कापणाऱ्यानं बाहेरच सोडला होता.

आणि मग आतून ते हसणं सुरू झालं. आधी बारीक, नुसती पावलं थरथरताना दिसली. मग पोकळीत घुमून इतकं मोठं झालं की शेजारच्या हँगरमधली माणसं बघायला आली. राजलक्ष्मी ओरडत होती, "ताई, हलू नका! तिथलं सगळं कच्चं आहे!" त्यामुळं बिचारीला न हलता हसावं लागत होतं, आणि न हलता हसायचं म्हटल्यावर अजूनच हसू येत होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. मामा पावलं घट्ट धरून म्हणत होते, "शेपटीत अडकून मरशील गं बाई," आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, ते भीतीचं की हसण्याचं कळत नव्हतं. शेवटी वाकळेसकट तिला ओढून काढलं. केसात जळमटं, नाकावर पांढरी भुकटी, आणि तोंडानं एकच, "हळू चा! हळू चा!"

हसू ओसरायला वेळ लागला. राजलक्ष्मीनं बारीक कॅमेरा घालून फोटो काढले, बाहेरची लांबी एका कोपऱ्यात खरवडली, आणि मग आम्हाला बसवून सगळं सांगितलं. कधीतरी हे विमान उतरताना शेपटीवर आपटलं होतं. आतली एक कडी तडकली होती, पत्रा चुरगळला होता. नियमानं तो भाग काढून, बनवणाऱ्या कंपनीच्या नकाशाप्रमाणं नवा बसवायचा असतो. कुणीतरी तो हातोडीनं ठोकून सपाट केला, तडा तसाच ठेवला, आतून बोर्डाचा तुकडा लावला, पत्र्याच्या पेटीला मारतात तसले रिबेट, म्हणजे जोडखिळे, मारले, वरून लांबी आणि झकास रंग.

"असं किती दिवस उडालं असतं?" आत्यानं विचारलं.

"सांगता येत नाही, ताई. कदाचित वर्षभर. कदाचित तुमच्या पहिल्याच वळणाला शेपूट सुटली असती."

बाहेर एक शिकाऊ विमान धावपट्टीवरून उठलं आणि उसावरून वळालं. ते दिसेनासं होईपर्यंत आत्या बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, म्हंजे मी जिवंत हाय."

"हायस की," मामा म्हणाले.

"न्हाय, आज जरा जास्तीच हाय."

आणि खरंच ती होती. त्या संध्याकाळी बारामतीत तिनं आम्हाला भेळ खायला नेलं आणि आमच्या दोघांच्या ताटल्यांतलीही संपवली. भेळवाल्याला विनाकारण विचारलं, "तुमची तब्येत बरी हाय न्हवं?" बाजारातून जाताना प्रत्येक गोष्टीकडं बोट दाखवून मला सांगत होती, बघ किती लाल डाळिंबं, बघ ती म्हातारी कशी ऐटीत बसलीय मोटारसायकलवर. मामा मागून तिची पिशवी धरून चालत होते आणि अधूनमधून तिच्या खांद्याला हात लावून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं दिग्विजयरावांना फोन लावला. मी समोरच होते. भांडायची पुरती तयारी करून बसली होती. पदर खोचलेला.

"दिग्विजयराव, तुमच्या इमानाच्या शेपटीत रस्त्याचा बोर्ड हाय."

तिकडून आधी काही कळेना. तिनं सगळं सांगितलं, फोटो पाठवले. फोन स्पीकरवर टाकून ती वाट बघत राहिली. मग ते म्हणाले, "बाई, मी ह्यात माझ्या लेकीला बसवून फिरवलंय हो. दर दिवाळीला."

आत्यानं खोचलेला पदर सोडला.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः बारामतीला आले, गुडघ्याला पट्टा बांधून. सोबत लेक होती. शेपटीतला पत्रा तोवर उघडा केला होता. त्यांनी हात लावून तडा बघितला आणि रिकाम्या पिंपावर मटकन बसले. त्यांनी ते विमान दुसऱ्याकडून घेतलं होतं, त्यानं तिसऱ्याकडून. ठोकाठोकी कुणी केली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि आजवर ते कुणालाच कळलेलं नाही. त्यांची लेक वाकून आत बघून आली आणि म्हणाली, "पप्पा, मी तर तुम्हाला सारखी म्हणायचे, अजून जोरात घ्या. आणि मागं कायम हे लिहिलेलं!" ते आधी चिडले, मग त्यांचे डोळे ओले झाले, आणि मग बापलेक एकमेकांना धरून असे हसले की आत्यालाही राहवेना. ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याच गळ्यात पडून आमची आत्या हसत होती.

"मी परत नेतो," शेवटी ते म्हणाले. "तुमचं दिलेलं तुम्हाला देतो. भंगारात घालतो."

आत्या विमानाकडं वळली. शेपूट उघडी, पंख वाकळेत. "भंगारात तुमी घालाल. पन भंगारवाल्याकडनं कुणी घेतलं तर? त्यानं पुन्यांदा लांबी भरली तर?" ती राजलक्ष्मीला म्हणाली, "ह्ये नीट होतंय का? खरं सांग."

"होतं. मागचा सगळा भाग नवा लागेल. कंपनीकडून मागवावा लागेल. विमान खात्याला कळवावं लागेल, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत ते जमिनीवरच."

"मग राहू दे जमिनीवर. मी हाय की संगं."

दिग्विजयरावांनी उरलेले पैसे घ्यायला साफ नकार दिला. राजलक्ष्मीनं खात्याला कळवलं, आणि तो निळा तुकडा पुरावा म्हणून पिशवीत बंद करून ठेवला. आत्यानं तो रोपवाटिकेच्या फाटकावर लावायला मागून बघितला. मिळाला नाही.

नवे सुटे भाग यायला पावसाळा उलटला. ते आल्यावर आत्या आठवड्यातून दोन दिवस हँगरमध्ये. विमानाचा रिबेट बसवायला दोघं लागतात. एकजण बाहेरून हवेच्या बंदुकीनं मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरून बसतो, म्हणजे रिबेटचं टोक दबून पक्कं होतं. आतला माणूस आत मावला पाहिजे. तो मान अर्थातच आत्याचा. आधी ती जुन्या पत्र्यावर महिनाभर शिकली. राजलक्ष्मीनं तिचे पहिले कितीतरी रिबेट उपटून काढायला लावले. "पुन्हा." मग एके दिवशी "पुन्हा" म्हणायचं थांबली. आत्या आत, कानात बोळे, राजलक्ष्मी बाहेर, आणि तडतडतडतड! संध्याकाळी आत्या बाहेर यायची ती सगळं ओरडूनच बोलायची, कारण तिला काही ऐकूच येत नसे. घरी मुक्ताबाई आधीच कमी ऐकणाऱ्या. दोघींच्या गप्पा पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचायच्या.

"झाली का शेपूट?"

"अर्धी झाली, आई!"

"कुनाची गर्दी?"

खात्याचा अधिकारी येऊन बघून गेला, कागदावर सही झाली. पहिलं उड्डाण नियमाप्रमाणं अनुभवी वैमानिकानं केलं. खाली उतरून त्यानं अंगठा दाखवला. दुसरं आत्याचं.

सकाळची थंडी होती, वारा नव्हता. मामा, मी, राजलक्ष्मी आणि दिग्विजयरावांची लेक, सगळे हँगरच्या दारात उभे. विमान धावलं, हललं, सुटलं. एवढ्या मोठ्या आभाळात ते इवलंसं पांढरं, आणि त्यात आमची त्याहून इवलीशी आत्या. ती उजनीच्या पाण्यावर गेली, भिगवणच्या बाजूला. तिथं रोहित पक्षी उतरले होते, त्यांचा गुलाबी पट्टा वरून पाण्यावर गुलाल सांडल्यासारखा दिसत होता, असं तिनं नंतर सांगितलं. त्यांना त्रास नको म्हणून ती उंचावरूनच वळाली. वळताना तिनं शेपटीकडं कान दिला, आणि शेपटीनं काही म्हटलं नाही. तेव्हा तिला इतकं भरून आलं की रेडिओवर परतीचा संदेश द्यायचा तर शब्दच फुटेनात. बारामतीच्या रेडिओवर बसलेला मुलगा काळजीनं विचारत राहिला, पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. शेवटी आत्या शुद्ध इंदापुरी मराठीत म्हणाली, "येतीय रं बाबा, येतीय!"

उतरताना विमानानं दोन उड्या मारल्या. मामा धावपट्टीच्या कडेनं लंगडत, धडपडत पळत गेले, कारण एक चप्पल हँगरपाशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी रोपवाटिकेत होती. मिरचीचे ट्रे घ्यायला शेजारच्या गावचे हिंदुराव आले होते. त्यांनी ट्रे मोजायचं सोडून विचारलं, "ताई, काल आमच्या शिवारावरनं गेलं त्ये इमान तुमचं व्हतं व्हय?"

"व्हय की."

"मग आमचा ऊस वरनं कसा दिसतोय?"

"चांगला हाय," आत्या म्हणाली. "पन विहिरीच्या वरच्या अंगाला मधीच पिवळा पट्टा हाय. तितं पानी पोचंना झालंय. पाइप फुटलाय का बघा."

हिंदुराव ट्रे तिथंच ठेवून मोटारसायकलीकडं पळाले.